ठिपका ताऱ्याचा की काचेचा?

गेल्या थंडीत एका शिक्षक-शिबिरात रात्री आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. एका सरांनी आपला डिजिटल कॅमेरा तिपाईवर बसवून मृग नक्षत्राचा तीस सेकंदांचा फोटो घेतला. डोळ्यांना दिसत होते त्याच्या कितीतरी पट तारे कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटले. सगळे खूश झाले. सर मात्र चित्र मोठे करून एका कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. तेथे एक लालभडक आणि एक निळा ठिपका होता. "हे तारे आहेत, की माझा कॅमेरा बिघडलाय?" असा त्यांचा प्रश्न होता.

हाच प्रश्न 1880 नंतरच्या दहा वर्षांत खगोलशास्त्रज्ञांना सतावत होता. तेव्हा कॅमेऱ्याऐवजी काच होती, इतकाच फरक.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या काळात जेवढा प्रकाश येतो तेवढ्यावरच मेंदू चित्र बनवतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. अंधुक तारा तासभर न्याहाळला तरी तो उजळ होत नाही. फोटोच्या काचेवर मात्र प्रकाश साठत जातो. ही गोष्ट आज सोपी वाटते, पण सुरुवातीच्या काचा जास्त वेळ साठवू देतच नव्हत्या. 1850 साली हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. त्यासाठी 15 इंची दुर्बीण आणि 100 सेकंद लागले, आणि अभिजित हा तर आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी कलोडियनची ओली काच आली. ती अधिक संवेदनशील होती, पण ओली असेपर्यंतच तिचा उपयोग. दहाएक मिनिटांत ती वाळू लागे आणि काम थांबे.

ही अडचण सोडवली ती एका डॉक्टरने. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज गृहस्थाने 1871 साली सिल्व्हर ब्रोमाइड जिलेटिनमध्ये मिसळून कोरडी काच बनवण्याची रीत सुचवली. काही वर्षांत अशा काचा बाजारात मिळू लागल्या. आता शटर तासन्‌तास उघडे ठेवता येणार होते. न्यूयॉर्कजवळच्या आपल्या खाजगी वेधशाळेत हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, 51 मिनिटांचा. हेही पेशाने डॉक्टरच. त्या काळच्या विज्ञानात हौशी माणसांचा वाटा केवढा होता, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये राहणारे अँड्र्यू कॉमन हे तर सांडपाण्याच्या कामांचे इंजिनियर. घराच्या बागेत उभारलेल्या 36 इंची आरशाच्या दुर्बिणीने त्यांनी 1883 साली त्याच तेजोमेघाचा 37 मिनिटांचा फोटो घेतला. त्या काचेवर असे तारे होते, जे दुर्बिणीला डोळा लावूनही कोणाला दिसले नव्हते.

येथेच पंचाईत होते. कोणी न पाहिलेला तारा काचेवर दिसला तर त्याला तारा म्हणायचे कशावरून? जिलेटिनच्या थरात धुळीचे कण असत, बुडबुडे असत, औषधांचे डाग पडत. 1885 च्या नोव्हेंबरात पॅरिस वेधशाळेतल्या पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या भावांनी कृत्तिकांचा तीन तासांचा फोटो घेतला. त्यात माया या ताऱ्याला चिकटून धुरकट शेपटीसारखा एक ढग दिसला. कृत्तिका म्हणजे शेकडो वेळा न्याहाळलेला पुंज. तेथे नवा तेजोमेघ निघावा? हेन्री बंधूंनी डिसेंबरमध्ये पुन्हा फोटो घेतले. ढग त्याच जागी, त्याच आकाराचा होता. काचेवरचा डाग दुसऱ्या काचेवर त्याच जागी कसा येईल? पुढे 1886 च्या आरंभी रशियातल्या पुल्कोवो वेधशाळेच्या 30 इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनाही दिसला. माझ्या मते मात्र पुरावा डिसेंबरमध्येच पुरा झाला होता. यंत्राने दिलेली साक्ष डोळ्याने नव्हे, तर दुसऱ्या फोटोने तपासता येते, हा विचार तेथे रुजला.

1887 साली पॅरिसला परिषद भरली आणि 18 वेधशाळांनी मिळून सगळ्या आकाशाचा फोटो-नकाशा करायचे ठरवले. त्यासाठी योजलेली युक्ती मला फार आवडते. एकाच काचेवर तीन एक्सपोजर द्यायचे, साधारण अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि दर वेळी दुर्बीण केसभर हलवायची. त्यामुळे प्रत्येक तारा तीन ठिपक्यांच्या चिमुकल्या त्रिकोणासारखा उमटे. एकटा ठिपका दिसला की तो काचेचा दोष!

याच योजनेत ताऱ्यांची सूची करण्याचेही काम होते. त्यातला दक्षिणेकडचा 17 ते 23 अंशांचा पट्टा चिलीतल्या सांतियागो वेधशाळेकडून पुरा झाला नाही. तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने हाती घेतला आणि तडीस नेला. त्या वेळी मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. नकाशा कधी पूर्ण झाला नाही. सूची पूर्ण व्हायला 1960 नंतरची वर्षे उजाडली. मेहनत वाया गेली असे अनेकांना वाटले. पण युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या नव्या जागा मोजल्या, तेव्हा त्यांच्याशी ताडून पाहायला शंभर वर्षांपूर्वीच्या जागा हव्या होत्या. त्या या सूचीत मिळाल्या. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या टायको-2 सूचीत सुमारे 25 लाख ताऱ्यांच्या गती आहेत. त्यांत या जुन्या काचांचा मोठा वाटा आहे.

काचेचा आणखी एक दोष होता, आणि तो त्रिकोणाने सापडणारा नव्हता. प्रकाश निम्मा असेल तर वेळ दुप्पट द्यावा, म्हणजे काच तेवढीच काळी होईल, असा समज होता. व्हिएन्नात काम करताना कार्ल श्वार्झशिल्ड यांनी 1899 च्या सुमारास दाखवले, की मंद प्रकाशात हा हिशेब चुकतो. शंभरपट अंधुक ताऱ्यासाठी एका मिनिटाऐवजी शंभर मिनिटे पुरत नाहीत. त्यांच्या सूत्राप्रमाणे साडेतीन तास लागतात. गळक्या भांड्यात थेंब थेंब पाणी भरण्यासारखे हे आहे. प्रकाशामुळे सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणात चांदीचा एक अणू सुटा होतो, पण एकटा अणू टिकत नाही. दुसरा येईपर्यंत पहिला नाहीसा झालेला असतो.

1969 साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. या सिलिकॉनच्या चकतीत प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन खळग्यांमध्ये साठतात आणि शेवटी मोजले जातात. दुप्पट वेळ दिला की दुप्पट इलेक्ट्रॉन, श्वार्झशिल्डची कटकट नाही. पण इलेक्ट्रॉन उष्णतेनेही सुटतात, अगदी पूर्ण अंधारातसुद्धा. तापमान सहा-आठ अंशांनी वाढले की त्यांची संख्या दुप्पट होते. म्हणून वेधशाळांतले सीसीडी उणे शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवतात. आपल्या हातातल्या कॅमेऱ्यात सीसीडीऐवजी बहुधा सीमॉस चकती असते, आणि तिला थंड करायची सोय नसते. तिच्या लाखो खळग्यांपैकी काही मुळातच सदोष असतात. ते अंधारातही भराभर भरतात आणि चित्रात रंगीत ठिपके होऊन बसतात. अनेक कॅमेरे तीस सेकंदांच्या फोटोनंतर आणखी तीस सेकंद अडकल्यासारखे वाटतात. तेव्हा कॅमेरा शटर बंद ठेवून अंधाराचा फोटो घेत असतो आणि तो पहिल्यातून वजा करत असतो.

सरांच्या कॅमेऱ्यात ती सोय बंद होती. आम्ही भिंगावर झाकण लावले आणि पुन्हा तीस सेकंदांचा फोटो घेतला. काळ्या चित्रात लाल ठिपका त्याच जागी होता, निळाही होता, आणि आधी लक्षात न आलेले आणखी पाच-सहा सापडले. मग एका बाईंनी मूळ फोटो पुन्हा मोठा करायला सांगितला. तिपाई स्थिर होती आणि पृथ्वी फिरत होती. तीस सेकंदांत मृगाचे तारे चंद्रबिंबाच्या पाव भागाएवढे सरकतात. चित्रातला प्रत्येक तारा बारीक रेघ झाला होता, आणि लाल ठिपका तेवढा ठिपकाच राहिला होता.