डिफ्रॅग मारण्याची कुळकथा

संगणक ‘स्लो’ झाला की आधी टेम्प उडवायचे, मग डिफ्रॅग मारायचा, तेवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारायचा, हा क्रम महाराष्ट्रात अनेकांना पाठ आहे. 2001 मध्ये एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि तालुक्याच्या गावांतही संगणक हाताळणारी पिढी तयार झाली. ही बोली तिच्याच तोंडी रुळली. या तिन्हींत डिफ्रॅगचे कूळ सर्वांत लक्षणीय.

त्यातला ‘फ्रॅगमेंटेशन’ हा शब्द इथे संगणकाच्या आधी आला, तो जमिनीच्या संदर्भात. 1947 चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा त्याच दुखण्यावर होता. एकाच घरची खाचरे चार ठिकाणी असली की निम्मा दिवस चालण्यात जातो. हार्ड डिस्कचेही तसेच होते. फाइल पुसली की जागा मोकळी होते. नवी फाइल मोठी असली तर तिचे तुकडे अशा विखुरलेल्या जागांत बसतात. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. शंभर ठिकाणचे तुकडे गोळा करायचे तर सेकंदभराहून अधिक वेळ नुसता शोधण्यातच जातो. तुकडे सलग मांडणे म्हणजे डिफ्रॅग.

पीटर नॉर्टन यांची ‘नॉर्टन युटिलिटीज’ 1982 ची. पुसलेली फाइल परत आणणे हे तिचे पहिले नाव कमावणारे काम. ‘स्पीड डिस्क’ तिच्यात नंतर आली. ही साधने विकत घ्यावी लागत. 1993 मध्ये मायक्रोसॉफ्टने नॉर्टनची तेव्हाची मालक कंपनी सिमँटेक हिच्याकडून परवाना घेऊन एमएस-डॉस 6 मध्ये डिफ्रॅग दिला आणि तो वेगळे पैसे न मोजता मिळू लागला. विंडोज 98 मध्ये त्याचे रंगीत चौकोन एकेक करून जागा बदलताना दिसत. मध्येच एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिले की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून रात्री लावून ठेवायचा, आणि पावसाळ्यात वीज जाऊ नये अशी आशा करायची.

मंदपणाचे दुसरे कारण व्हायरस. पुण्यात कैलास काटकर संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1995 च्या सुमारास ‘क्विक हील’ उभे राहिले. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेले हे मराठी साधन खरोखरच मोलाचे.

टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइली, उडवणे त्यामानाने सोपे. विंडोजची कळ आणि आर दाबून, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘टेम्प’ लिहायचे आणि आतले सगळे पुसायचे. डिस्क काठोकाठ भरली असेल तर याचा उपयोग होतो, एरवी वेगात फारसा फरक पडत नाही. त्याच ओघात ‘प्रीफेच’ही पुसतात, ती मात्र चूक आहे. 2001 च्या विंडोज एक्सपीपासून प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज स्वतःच त्या नोंदी ठेवते. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतात. सफाईसाठी फुकटचे साधन वापरायचे तर ते कुठून उतरवले यालाही महत्त्व आहे, पण तेवढ्यानेही निभत नाही : 2017 मध्ये सीक्लीनर या अशाच साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता.

हार्ड डिस्कच्या जागी आता येणाऱ्या एसएसडीत तबकडी नाही, फिरणारे काहीच नाही. त्यामुळे तुकडे विखुरलेले असले तरी शोधायला वेळ लागत नाही, आणि डिफ्रॅगच्या वारंवार लिहिण्याने ती उगाच झिजते. विंडोज 7 ने 2009 मध्ये एसएसडीसाठी आपोआप होणारा डिफ्रॅग थांबवला. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण हार्ड डिस्कवर तुकडे सलग करते, तर एसएसडीला कोणती जागा मोकळी झाली एवढेच कळवते.