पेव आणि उतरंड

२०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा मोबाईलवरून एक यादी घरोघर फिरत होती. संकटकाळात घरात काय साठवून ठेवावे याची ती यादी होती. तांदूळ, गहू, डाळी, साखर, तेल, पापड, लोणची, दुधाची भुकटी, सुकामेवा. निदान महिनाभर पुरेल इतके. मी इतिहासाचा प्राध्यापक. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच. त्या वेळी मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. तासिका बंद म्हणजे मानधन बंद, हे मला तेव्हा पुरते उमगले होते. तरीही ती यादी मी आजीला वाचून दाखविली. आजी ऐंशीच्या घरातली. तिने सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "समदं खरं हाय बाबा. पर भरून ठेवायला आदी एका दिसाला दोन दिसाचं मिळाया पायजे की."

साठवणीचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. आज मिळालेले आज संपणार नसेल तरच उद्यासाठी काही उरते. आपल्या समाजात हे 'उरणे' कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या वाट्याला आले नाही, हा प्रश्न मग केवळ गृहकृत्यदक्षतेचा राहत नाही. तो इतिहासाचा प्रश्न होतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत साठवणीचा इतिहास येतो तो कोठारांचा इतिहास म्हणून. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या विद्यार्थी सहलीला जाऊन पाहतात, फोटो काढतात. त्या कोठ्या भरणाऱ्या हातांना आपल्या घरी काय ठेवता येत होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. हा काळ्या मातीचा, मालदांडी ज्वारीचा मुलूख. ज्वारीचे कोठार अशी त्याची ख्याती. या कोठाराशी दोन कथा जोडलेल्या आहेत आणि दोन्हींत महार आहे. चोखोबा याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे बांधकाम करताना कूस कोसळून गाडले गेले. पुढे बहामनी अमलात दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली, अशी कथा सांगितली जाते. बादशहाचा कोप होऊ नये म्हणून विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले आणि धान्याची किंमत बिदरला नेऊन भरली, असेही ती कथा सांगते. भाविकांना तीत भक्ताचा कैवार दिसतो. मला तीत गावगाड्याची व्यवस्था दिसते. कोठार बादशहाचे, ते खुले करण्याची कीर्ती पंतांची, आणि रक्कम डोक्यावर वाहून नेऊन पावती आणण्याचे काम महाराचे. देवालादेखील हे काम करायचे झाले तर महार व्हावे लागले! कथेतला महार कोठाराचा हिशोब चुकता करतो. त्याच्या घरी त्या दुष्काळात काय शिजले, हे कथा सांगत नाही.

हे कोठार म्हणजे बहुधा पेव. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातील धान्याचे घर. गावाच्या पांढरीत, पाणी मुरणार नाही अशी उंचवट्याची जागा पाहून ते खणतात. तोंड माणूस उतरेल एवढे अरुंद, पोट मात्र रांजणासारखे फुगलेले. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावायचा, वाळलेली ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. आत हवा जात नाही. धान्याच्या श्वासानेच आतला प्राणवायू संपतो आणि किडा जगत नाही. अशी ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. मात्र पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस त्या कोंडलेल्या हवेने गुदमरून मरू शकतो. म्हणून तोंड उघडून काही काळ थांबतात, आत दिवा सोडतात. दिवा विझला तर उतरत नाहीत. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यामागे हे सगळे शास्त्र आहे.

पण पेवाला तीन गोष्टी लागतात. पांढरीत हक्काची जागा लागते, काळीत जमीन लागते आणि एका वर्षाचे पीक खाऊन उरावे लागते. गावकुसाबाहेरच्या माणसाला यांतील एकही गोष्ट नव्हती. तो पेवात उतरत होता, पण दुसऱ्याच्या. आजी सांगायची, तिचा आजेसासरा पाटलाचे पेव उपसायला जाई. दिवा विझला की नाही हे वरून पाहणारे वेगळे आणि आत उतरणारा वेगळा. पेवाच्या तळाला जी ओल लागलेली, आंबूस वासाची, काळपट पडलेली ज्वारी राही, ती त्याला मिळे. ती तीनतीनदा धुऊन, वाळवून, दळून तिची भाकरी होई. "वास जायाचा न्हाई," आजी म्हणायची, "पर पोटाला नाक नसतं."

पेव हे एका व्यवस्थेचे प्रतीक मानले तर दुसऱ्या व्यवस्थेचे प्रतीक उतरंड आहे. झोपडीच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मातीची गाडगी-मडकी. खाली मोठे, वर लहान. पेवाचा मालक पुरुष. सातबाऱ्यावर नाव त्याचे. उतरंडीचा कारभार बाईचा. तिचे नाव कोठेच नाही. बलुत्याचे धान्य सुगीला एकदाच मिळे आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. रोजची भाकरी मागून आणायची. अशा घरात साठवण करायची कशी? आजीने सासूकडून शिकलेली रीत सांगितली. दळण घेताना त्यातून एक मूठ रोज बाजूच्या गाडग्यात टाकायची. ही मूठ घरातल्या पुरुषाच्या किंवा लेकरांच्या वाट्याची नसे. ती बाईच्या स्वतःच्या भाकरीतली असे. आमची साठवण शिलकीतून नव्हे, उपासातून झाली. तिच्यामागे बाईचे पोट आहे, हे आपल्या चळवळीच्या इतिहासानेही नीट नोंदविलेले नाही.

त्या गाडग्यांत काय असे? राखेत घोळवलेले हुलगे. लिंबाचा पाला घातलेली थोडी ज्वारी. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, वाळवून ठेवलेली भाजी. अंबाडीचा वाळलेला पाला, चिंच, चिंचोके, वाळलेली बोरे. मिरचीचे तिखट आणि मीठ. आणि एका गाडग्यात, वरून फडके बांधून ठेवलेल्या चान्या.

चान्या म्हणजे काय हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण नव्या पिढीतील अनेकांनी हा शब्द ऐकलेलाही नाही. गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे आणि त्याचे मांस त्याचे. वाटे पडत. लगेच खाऊन उरेल त्या मांसाच्या लांबलांब पट्ट्या कापून त्या दोरीवर कडक उन्हात वाळत घालायच्या. घारी-कावळ्यांना हाकलायला पोरे बसवायची. खडखडीत वाळल्या की गाडग्यात भरायच्या. आषाढ-श्रावणात काम नसे, बलुते संपलेले असे, तेव्हा त्या आरावर भाजून किंवा कुटून कालवणात टाकायच्या. दुष्काळात तर याला विलक्षण क्रूर अर्थ येई. चारा आधी संपतो, म्हणून माणसांच्या आधी जनावरे मरतात. गावाची दौलत मरत असे तेव्हा महारवाड्याच्या दोऱ्या भरत. गावाच्या संकटातून आमच्या संकटाची शिदोरी तयार होई. कोणत्याही माणसाला अशी शिदोरी बांधावी लागू नये.

हा मजकूर लिहीत आहे असे कळल्यावर चळवळीतील एका मित्राने मला अडविले. "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेलं तू कशाला उकरून काढतोस?" त्याचा प्रश्न रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. मी त्याला समजू शकतो. शाळेत असताना माझ्या दप्तराला कसला वास येतो म्हणून एका मुलाने बाक बदलला होता. त्या दिवशी घरी येऊन मी आजीशी भांडलो होतो. तेव्हा आमच्या घरात चान्या नव्हत्याच. वास कसलाच नव्हता. वास आडनावाला होता. पण मी आजीलाच बोल लावला. ती लाज माझ्या हाडात इतकी मुरली की पुढे कित्येक वर्षे मी हा शब्द उच्चारला नाही.

मित्राला मी जे उत्तर दिले तेच येथे मांडतो. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते. परंतु त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडून द्या, असे आवाहन केले होते. गावोगाव लोकांनी ते मानले. आपण या घटनेकडे स्वच्छतेची, स्वाभिमानाची घटना म्हणून पाहतो आणि ते खरेच आहे. पण तिची किंमत आपण कधी मोजली का? ज्यांच्याकडे पेव नव्हते, जमीन नव्हती, रोजगाराची हमी नव्हती, त्या माणसांनी आपल्या हातातील एकमेव शाश्वत साठा स्वतःच्या हाताने फेकून दिला. भरलेल्या घराने एक पदार्थ सोडणे वेगळे आणि उतरंडीतले शेवटचे गाडगे रिकामे करणे वेगळे. गाडग्यात काय होते हे लपविले, तर ते रिकामे करणाऱ्या बायाबापड्यांचा त्यागही लपून जातो. म्हणून मी हे लिहितो.

आणि हा त्याग करताच काय झाले? गाव चिडले. ढोरे ओढायचे नाकारले म्हणून, पाणी भरले म्हणून, बलुते बंद, मजुरी बंद, वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे एक सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने सामाजिक बहिष्काराचे वर्णन अस्पृश्यांविरुद्धचे सर्वांत परिणामकारक हत्यार असे केले. वाण्याने जिन्नस विकायचे नाही, हा या हत्याराचाच एक भाग असल्याचे तिने नोंदविले. इतरांचे संकट आभाळातून येते. आमचे संकट गावाच्या बैठकीतून येऊ शकते. पाऊस उत्तम, पीक उत्तम, दुकान भरलेले, आणि तरीही महारवाड्यात मीठ नाही. अशा संकटासाठी साठवण कशी करायची, हे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

धान्य असूनही माणसे उपाशी मरतात, ही गोष्ट सरकारदप्तरालाही ठाऊक होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात असंख्य माणसे मेली, आणि त्याच काळात देशातून धान्य निर्यात होत राहिले. दुष्काळी कामांवरील मजुरी रिचर्ड टेंपलच्या धोरणाने कमी करण्यात आली, तेव्हा १८७७ साली मजुरांनी कामे सोडून निषेध केला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. जुन्नर भागातील दुष्काळाची भीषण हकिगत सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्राने कळविली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानेही मान्य केले की शेतमजूर आणि कारागीर आधी बळी पडतात, कारण त्यांचे काम बुडते आणि धान्य विकत घ्यायला पैसा उरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हाच विचार सिद्धान्ताच्या पातळीवर मांडला. आजीने तो चुलीपुढे बसून मांडला, एवढाच फरक.

१९७२ च्या दुष्काळात आजी तिशीची होती. वतने १९५८ च्या कायद्याने गेली होती, आम्ही बौद्ध झालो होतो, पण जमीन आली नव्हती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रेशनवर परदेशातून आलेला लालसर मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे. कामावर सुकडी वाटत. ती जागेवर खाऊन संपवायची असे, पण बाया निम्मी पदराला बांधून आणीत. आजी ती उन्हात आणखी वाळवून गाडग्यात ठेवी. सरकारने दिलेल्या मदतीतूनही तिने साठवण केली! त्या वर्षी गावातल्या बऱ्या घरांनी पितळेची भांडी मोडली. आजी हसून सांगायची, "आमची गाडगी कोन घेनार? म्हनून उतरंड तेवढी ऱ्हायली."

त्या दुष्काळातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला. टाळेबंदीत माणशी ५ किलो मोफत धान्य मिळाले, त्यावर आमच्या वस्तीने दिवस काढले. माझा चुलतभाऊ मात्र बायकोलेकरांसह दूर एका साखर कारखान्याच्या परिसरात उसाच्या कोपीवर अडकून पडला होता. त्याचे रेशनकार्ड गावात आणि पोट फडात. संकटात खरे उपयोगी पडणारे कोठार म्हणजे माणसाच्या मागे चालत येणारा हक्क, हे मी त्या दिवसांत शिकलो. पेव मालकाच्या जमिनीला बांधलेले असते. हक्क माणसाला बांधलेला असावा लागतो.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आज माझ्या स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांची रांग आहे. महिन्याचे सामान एकदम येते. माझी लेक त्या रांगेपुढे उभी राहून 'आज काय खाऊ' असे विचारते, तेव्हा मला आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. तिला हे डबे नैसर्गिक वाटतात. म्हणून तिच्यासाठी मी आजीचे हुलग्याचे गाडगे त्या रांगेत ठेवले आहे.

एक विनंती करून थांबतो. या अंकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे वही घेऊन जा. त्यांच्या उतरंडीत काय काय होते, कोणत्या महिन्यात कोणते गाडगे रिकामे होई, आणि तेव्हा घरात कोण उपाशी निजे, एवढे तीन प्रश्न विचारा. पेवांची नोंद सरकारदप्तरात आहे. उतरंडीची नोंद फक्त या बायांकडे आहे, आणि त्या एकेक करून जात आहेत.