थोरल्याचं धाकट्याला

आपल्याकडे पुष्कळ घरांत नव्या बाळाला पहिलं झबलं जुनंच घालतात. थोरल्याचं नसेल तर शेजारच्या धडधाकट मुलाचं मागून आणतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड बाळाला बोचत नाही. आमच्याकडे छट्टीला मी हेच पाहिलं, आणि शेजारी बारशालाही. दुपटी, कुंची, लुगड्याची गोधडी, लाकडी पाळणा, सारं थोरल्याकडून धाकट्याकडे जाई. दोरी झिजली की बदलायची, खुंटी हलली की सुताराला बोलवायचं. झीज डोळ्यांना दिसे.

कारखान्यातल्या वस्तूंची झीज अशी दिसत नाही. अमेरिकेत एका बाजूचा कठडा खाली सरकणारी बाळाची खाट घरोघर असे. फार न वाकता बाळ उचलता येई. मोठी सोयीची! पण दुसऱ्या मुलासाठी ती पुन्हा जोडताना एखादा स्क्रू हरवलेला असे, प्लॅस्टिकची खिट्टी तडकलेली असे. कठडा निसटला की गादीशेजारच्या फटीत बाळ अडके. २००० नंतरच्या दहा वर्षांत निदान ३२ बाळं अशा खाटांत दगावली. जून २०११ पासून त्या बनवणं, विकणं, जुन्या म्हणून विकणंही तिथे बंद झालं.

लेकीच्या बाळंतपणाला तिकडे जाणाऱ्या आया बॅगेत गोधडी नेतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मऊ पांघरूण नको, असं तिथले डॉक्टर सांगतात. झबली, दुपटी खुशाल न्यावीत. गोधडी मात्र बाळ जागं असताना, आपल्या नजरेसमोर, जमिनीवर अंथरावी.