मातीचं कबुतर आणि बाईचा नेम

आम्ही वाशिंदहून बोलतोय. आजचा विषय बंदुकीचा आहे. कुणी म्हणेल, हा काय बायकांचा विषय झाला? म्हणूनच घेतला.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे बंदूक म्हटली की आधी सिद्धगड आठवतो. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. पण आज लढाईच्या बंदुकीबद्दल बोलायचं नाही. गावात कुणाकुणाच्या घरी भिंतीला टांगलेली असायची ती छऱ्याची बंदूक, तिच्याबद्दल बोलायचं आहे. गरिबाघरची एकनळी, ठासणीची. दारू, चिंधी, छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायचे. सावकार-जमीनदाराची दुनळी, काडतुसाची. इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हत्याराला परवाना लावला आणि गोऱ्या लोकांना त्यातून सूट दिली. तेव्हापासून बंदूक असणं म्हणजे वरपर्यंत ओळख असणं.

आणि घरात ती असायची पुरुषाची. रानडुकरं हाकायला रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवायला बाई चालत होती, गोफण फिरवायला चालत होती. बंदुकीला मात्र तिचा हात लागलेला खपत नसे. नांगराचंही तसंच, ते तुम्हाला सांगायला नको.

आता या बंदुकीचा एक खेळ आहे. मातीची तबकडी यंत्राने हवेत उडवायची आणि ती उडत असताना छर्ऱ्यांनी फोडायची. परदेशात जुन्या, शंभर-सव्वाशे वर्षांच्या दुनळ्या बंदुका सांभाळून ठेवणारे लोक खास त्याच बंदुका घेऊन हा खेळ खेळतात. आम्हाला त्याचा इतिहास वाचताना वाटलं, हा तर बायकांना सांगायलाच हवा.

सुरुवात वाईट आहे. आधी तबकडी नव्हती, जिवंत कबुतरं होती. पेटीत कबूतर कोंडायचं, दोरी ओढून झाकण उघडायचं आणि ते उडालं की बार. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळी अशी सुमारे तीनशे कबुतरं मारली गेली. इंग्लंडने १९२१ साली कायदा करून हा प्रकार बंद केला. त्याआधीच लोक पर्याय शोधत होते. अमेरिकेत काचेचे पोकळ गोळे उडवायचे. काहींच्या पोटात पिसं भरलेली असत, म्हणजे गोळा फुटला की पाखरू मेल्यासारखं दिसावं! माणसाची हौस बघा. मग १८८० च्या सुमारास सिनसिनाटी गावच्या जॉर्ज लिगोव्स्की याने भाजलेल्या मातीची बशीसारखी तबकडी काढली. पोरं पाण्यावर शिंपले सटकावत होती, ते बघून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. पण कुंभाराच्या घरची बाई सांगेल, माती जास्त भाजली की खणखणीत होते. छर्रे लागले तरी तबकडी फुटेना, नुसती वाजायची. म्हणून पुढे डांबरासारखा राळेचा पदार्थ आणि चुनखडीची पूड मिसळून ती करू लागले. आजची तबकडी ११ सेंटिमीटर रुंद आणि १०५ ग्रॅम वजनाची असते. तिच्यात माती नाही, तरी नाव मातीचंच राहिलं. इंग्रजीत तर तिला अजून ‘मातीचं कबूतर’ म्हणतात, आणि दोरी ओढायची पद्धत गेली तरी नेमबाज अजून ‘ओढ’ असंच ओरडतो.

हा खेळ ताकदीचा नाही. बाराबोर नाव कसं पडलं ते बघा: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. काडतुसात बारीक छर्रे असतात, आजच्या स्पर्धेत जास्तीत जास्त २४ ग्रॅम. ते हवेत पसरत जातात. तबकडी जिथे दिसते तिथे मारून उपयोग नाही, ती जिथे पोचणार त्याच्या पुढे मारायचं. गोफणीने उडतं पाखरू हाकणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. अडचण असते ती दस्त्याची. जुन्या बंदुकांचे दस्ते पुरुषाच्या हाताच्या मापाने केलेले. बाईच्या खांद्याला ते लांब पडतात, धक्का गालाला आणि दंडाला बसतो, आणि मग म्हणायचं, बायकांना जमत नाही.

जमत होतं हे ॲनी ओकलीने दाखवलं. १८६० साली ओहायोतल्या गरीब घरात ती जन्मली. बाप लहानपणीच गेला. ही पोर रानात शिकार करून ती विकायची आणि त्या पैशांतून तिने आईच्या जमिनीवरचं कर्ज फेडलं. पुढे खेळ करत जगभर फिरली आणि हजारो बायकांना नेम शिकवला. याच खेळाचा एक प्रकार आहे स्कीट. त्यात दोन बाजूंच्या दोन घरांतून तबकड्या सुटतात. त्याला नाव सुचवण्याची स्पर्धा निघाली, बक्षीस शंभर डॉलर. १९२६ साली ते जिंकलं माँटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईने. खेळाचं नाव बाईने ठेवलेलं आहे.

आता मुद्द्याचं. ऑलिंपिकमध्ये स्कीट १९६८ साली आला, आणि बाया-पुरुष एकत्रच खेळत. १९९२ साली बार्सिलोनात चीनची चोवीस वर्षांची झांग शान उतरली. पहिल्या फेऱ्यांत २०० तबकड्यांपैकी २०० फोडल्या. शेवटी २२५ पैकी २२३, आणि सुवर्णपदक. मागे राहिलेल्या दोन पुरुषांनी, पेरूच्या आणि इटलीच्या, तिला उचलून घेतलं. खेळाडूंनी मान दिला, पण संघटनेने दार लावलं. हा खेळ पुढे फक्त पुरुषांचा ठेवायचा, असा निर्णय झालेला होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा स्कीट झाला, बायकांचा नव्हताच. विजेती घरी बसली. बायकांसाठी वेगळा स्कीट आला तो २००० साली, सिडनीत. तेव्हा झांग शान पुन्हा गेली आणि आठवी आली. मधली आठ वर्षं तिला कुणी परत देणार नव्हतं. वेगळा गट मिळाला हे बरंच झालं, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. एकत्र खेळात बाई हरत होती तोवर कुणाची तक्रार नव्हती.

आपल्या देशात हा खेळ आधी राजघराण्यांचा होता. बिकानेरचे करणी सिंह यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला १९६८ साली, तर कोट्याच्या भुवनेश्वरी कुमारीला १९६९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. वाड्यात बंदूक होती, जागा होती, काडतुसाला पैसा होता. पण २०१८ साली कोरियात, जागतिक स्पर्धेच्या ज्युनियर गटात, ट्रॅप प्रकारात मनीषा कीर हिने रौप्यपदक आणलं. ती भोपाळच्या तलावात मासे धरणाऱ्याची मुलगी. तिला उभं केलं ते मध्य प्रदेश सरकारच्या नेमबाजी अकादमीने. मग आपल्याकडे काय? महाराष्ट्राच्या अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या सगळ्या रायफल-पिस्तुलातल्या. त्याला दहा मीटरची खोलीही पुरते. तबकडीला मोकळं मैदान लागतं, आणि दर बाराला एक काडतूस जळतं. अशी सोय सरकारने केल्याशिवाय गावातल्या मुलीला हा खेळ मिळायचा नाही.

शेवटी घरातल्या बंदुकीचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर पुरतीच, हौसेची शिकार बंद झाली. बंदुका फळीवर गेल्या. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला तेवढ्या खाली येतात. फार जुन्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात, काळ्या दारूच्या बेताच्या. त्यात आजचं काडतूस घालून बार काढला तर नळी फुटून हात जाऊ शकतो. पोरांना हात लावू देऊ नका.

आणि परवाना घरधन्याच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. तो माणूस गेला की बंदूक आपोआप बायकोची किंवा मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि वारस म्हणून हवी असेल तर नव्याने अर्ज करायचा. अर्जदार बाई असली तरी चालते. कायद्यात वयाची अट आहे एकवीस वर्षांची, पुरुष असण्याची नाही. जमा करताना काडतुसंही मोजून द्या आणि पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.