बंगळूर १९७४ आणि तीन बहिणी

बंगळूरला बदली झाली. इथे संध्याकाळी मेसमध्ये बुद्धिबळाचा पट मांडला, की मला खाडिलकर भगिनी आठवतात. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये याच शहरात झाली. मुंबईच्या वासंती खाडिलकर जिंकल्या. पुढे जवळजवळ दशकभर हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी यांच्या घराबाहेर गेलं नाही.

पण खरी लढाई १९७६ची. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पटावर तिने तीन राज्यांचे विजेते हरवले.

मी खडकवासल्याला होतो तेव्हा आमच्या स्क्वाड्रनमध्ये मुली नव्हत्या. त्यात काही चुकतंय, असं मला कधी वाटलंही नाही. ते दारसुद्धा न्यायालयाच्याच आदेशाने उघडलं, २०२१ मध्ये. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या.

रोहिणीच्या त्या डावांनंतर दार उघडायला ४५ वर्षं लागली. त्या उशिरात माझ्यासारख्यांच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.