पायातल्या शिरा आणि विस्तव

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तराने नसांवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण छत्तीस वर्षं फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या बघा, म्हणजे माझा अधिकार कळेल.

माझ्या आईच्या पायांवर अशाच निळ्या, पिळदार नसा होत्या. इथं कन्हेरीत दिवसदिवस शेतात उभं राहणं. घोट्याच्या वर जखम झाली, तेव्हा एका जाणत्याने तापलेल्या सळईचा डाग दिला. जखम शेवटपर्यंत भरली नाही. पुढे माझ्या पायावरही उष्णतेनेच उपचार झाले आणि त्याच संध्याकाळी मी चालत घरी आलो. विस्तव दोन्हीकडे होता. मग फरक कशाचा?

डागण्याची विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्माचाच. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने पायातल्या फुगलेल्या शिरांवर दोनच उपाय सांगितले: डागा, नाहीतर कापून काढा. प्लुटार्क सेनापती मारियसची हकीकत सांगतो. बांधून न घेता त्याने एका पायाची शस्त्रक्रिया निमूट सोसली. दुसरा पाय मात्र पुढे केला नाही. दुखण्यापेक्षा इलाज महाग, हा त्याचा हिशेब. आणि आपला सुश्रुत? बालक, वृद्ध, दुर्बल यांच्याबरोबर भित्र्या माणसालाही डागू नये म्हणतो. भीतीला त्याने दोष दिला नाही, थांबण्याचं कारण मानलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

उणीव होती ती कारणाच्या ज्ञानाची. १६०३ मध्ये फॅब्रिशियसने शिरांमधल्या झडपांवर ग्रंथ लिहिला. त्याचा शिष्य हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा त्या झडपांचा अर्थ लागला. विहिरीवरच्या मोटारीचा फूटवॉल आठवा. तो गेला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. तसंच पायात होतं: झडप सैल पडली की वर चढलेलं रक्त खाली येतं, शीर फुगते.

म्हणून ट्रेंडेलेनबर्गने १८९१ मध्ये मांडीतली शीरच बांधून टाकली. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत ती ओढून काढण्याची पद्धत आली आणि जवळजवळ शतकभर टिकली. भूल होती, पण काळंनिळं होणं आणि ठणका चुकत नव्हता.

१९९९ मध्ये अमेरिकेत रेडिओफ्रिक्वेन्सीला मान्यता मिळाली. पाठोपाठ लेझर आला. आता बघा, आधी सोनोग्राफीत बिघडलेली झडप आणि खोलवरच्या शिरा तपासतात. मग सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत सरकवतात. शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरतात. त्याने वेदना टळते, कातडी भाजत नाही. सध्याच्या एका पद्धतीत साधारण सात सेंटिमीटरचा भाग वीस सेकंद १२० अंशांवर तापवतात. शीर आतून मिटते. रक्त खोलवरच्या चांगल्या शिरांतून जातं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने शस्त्रक्रियेच्या आधी याच उपायाला पसंती दिली. तरी प्रत्येक पायाला तो चालतोच असं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आईचा डाग कातडीवर होता. दुखणं आत, वरच्या झडपेत असणार. कारण न शोधता दिलेला विस्तव ही नुसती वेदनाच. तेव्हा घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर डाग देऊ नका. आधी शिरा तपासून घ्या. सोसलं म्हणजे बरं होतं, हा समज आपल्या बायाबापड्यांना फार महागात पडलाय.