नांगराखालचा इतिहास



आपण महोत्सवाच्या आनंदांत आहों. या वर्षी कोणी विहीर खणील, कोणी घराचा पाया घालील, कोणी बांध फोडून शेत सपाट करील. म्हणून पायाखालच्या मातीविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिरपूर जैन हें अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवालयामुळें देशभर प्रसिद्ध आहे. जवळचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला, तेव्हां या शाखेच्या इतिहासास भक्कम आधार मिळाला. अशा भूमींतील प्रत्येक खड्डा हा इतिहासाच्या पोथीचें एकेक पान होय. परंतु तें पान कोणी वाचण्यापूर्वींच फाटलें, तर पुन्हां जोडतां येत नाहीं.

याचा दाखला अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांत आहे. त्याच जिल्ह्यांतील केंदळ येथून १९०३ सालीं आपलें ‘निरोप्या’ मासिक निघूं लागलें. तेथें प्रवरेकांठीं दायमाबाद हें ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचा बुंधा खणतांना कांशाच्या चार वस्तु सांपडल्या: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती व गेंडा. एकंदर वजन ६० किलोहून अधिक. एकटा रथच सुमारें ४५ सेंटिमीटर लांब. पुढें साली यांच्या देखरेखीखालीं १९७५ ते १९७९ पर्यंत तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन झालें.

पण वस्तु निघाल्या तेव्हां कोणी जाणता तेथें उभा नव्हता. त्या कोणत्या थरांत होत्या, सोबत कोणतीं खापरें होतीं, हें कोणीं टिपलें नाहीं. साली व ढवळीकर यांनीं त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. तर अग्रवाल यांनीं धातूंतील सोमलाचें प्रमाण पाहून त्या पुष्कळ अलीकडच्या ठरविल्या. वस्तु हातीं आल्या, काळ मात्र हातचा गेला. यांत त्या गरीब शेतकऱ्याचा दोष कोणता? त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें.

खोदकामावर पुरातत्त्वज्ञानें नजर ठेवणें, तें यासाठींच. जाणता मनुष्य खड्ड्याशेजारीं उभा राहतो. मातीचा रंग पालटला, कोळसा, हाड वा खापर दिसलें कीं काम थांबवितो, खोली मोजतो, चित्र घेतो, वस्तूवर क्रमांक घालतो. मग काम पुढें चालूं शकतें.

“कळविलें तर हातचें जाईल” ही भीति आम्हीं पुष्कळदां ऐकिली आहे. परंतु १८७८ च्या निखातनिधि कायद्यानें १० रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. ठेव्यास धनी न निघाल्यास, व आपसांत करार नसल्यास, शोधणारास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वांटा मिळतो. सरकारनें ठेवा घेतल्यास किंमतीवर एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. लपविणारास मात्र शिक्षा आहे.

म्हणून, बंधूंनो, कुदळीस कांहीं लागलें तर तें धुवूं नका, हलवूं नका, सोनाराकडे नेऊं नका. जागेवर खूण करा व तलाठ्यास सांगा. ज्यांनीं ही भूमि आपल्याआधीं कसली, त्यांचें एवढें देणें आपणांवर आहे.